भाकरी सोडली आणि लघवीत कीटोन आले!
कमी कर्बोदकांचा आहार आणि लघवीच्या नेहमीच्या तपासणीचा अहवाल

खानदेशात भाकरीवाचून जेवण पुरे होत नाही. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, सोबत ठेचा आणि कांद्याची पात, या ताटावर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील पिढ्या वाढल्या. गेल्या काही वर्षांत मात्र शहरी घरांमध्ये भाकरी, पोळी, भात, बटाटा आणि केळे हे पदार्थ ताटाबाहेर काढण्याची लाट आली आहे. कुणाला वाढलेले वजन उतरवायचे असते, तर कुणाला रक्तातील साखर आटोक्यात आणायची असते. महिना-दोन महिन्यांत कंबरेचा घेर कमी होतो आणि मन सुखावते. अशातच विमा पॉलिसीच्या, शस्त्रक्रियेपूर्वीच्या किंवा वार्षिक तपासणीच्या निमित्ताने लघवीचा नमुना दिला जातो आणि अहवालात ‘कीटोन बॉडीज : पॉझिटिव्ह’ असे शब्द उमटतात. मूत्रपिंडे बिघडली की काय, मधुमेह वाढला की काय, या शंकांनी घर अस्वस्थ होते.

या शंकेचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत दिलासा देणारे आहे. काहींच्या बाबतीत मात्र तोच शेरा धोक्याची पूर्वसूचना असू शकतो. या दोहोंतील फरक ओळखता यावा, यासाठी अहवालातील प्रत्येक रकान्याचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे.

कर्बोदके कमी झाली की काय होते?

भारतीय आहाराचा मुख्य आधार धान्य हाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांना मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे दोन जाडसर भाकरींतूनच दिवसाकाठी ८० ते १०० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. त्यावर एक मध्यम केळे खाल्ले की आणखी सुमारे २५ ग्रॅमची भर पडते.

पचनानंतर कर्बोदकांची ग्लुकोज ही साखर बनते. तातडीच्या गरजेपेक्षा अधिक असलेली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जाते. यकृतातील हा साठा जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास असतो. आहारातील कर्बोदके दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली आणली, की हा साठा एक-दोन दिवसांत आटतो. मग शरीर चरबीकडे वळते. चरबीतील मेदाम्ले यकृतात पोचतात आणि त्यांपासून अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोन ही तीन द्रव्ये तयार होतात. यांनाच एकत्रितपणे कीटोन म्हणतात. मेंदू आणि हृदय यांना ती इंधन म्हणून वापरता येतात. रक्तातील प्रमाण वाढले की त्यांचा काही अंश मूत्रावाटे बाहेर पडतो, तर अ‍ॅसिटोन श्वासातूनही उत्सर्जित होते. अशा आहाराच्या सुरुवातीला तोंडाला जो विशिष्ट गोडसर वास येतो, त्याचे कारण हेच.

याचा अर्थ, निरोगी व्यक्तीने कर्बोदके खरोखरच कमी केली असतील, तर लघवीत कीटोन आढळणे ही अपेक्षित गोष्ट आहे. भाकरी सोडून शेवभाजीवर ताव मारणाऱ्याच्या लघवीत मात्र ते बहुधा सापडणार नाहीत. शेव बेसनाची असते आणि बेसनाचा निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचाच असतो. महिनाभर पथ्य पाळून आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस यथेच्छ खाल्ला, तर दुसऱ्या दिवशीच्या अहवालातून कीटोन नाहीसे झालेले दिसतात. कर्बोदके मिळताच शरीर पुन्हा साखरेच्या इंधनाकडे वळते, त्याला फार वेळ लागत नाही.

रॉथेराच्या कड्यापासून रंगीत पट्टीपर्यंत

लघवीतील कीटोन शोधण्याची जुनी पद्धत म्हणजे रॉथेरा यांची चाचणी. १९०८ मध्ये वर्णिलेली ही चाचणी वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाते. परीक्षानळीतील लघवीत अमोनियम सल्फेट, सोडियम नायट्रोप्रुसाइड आणि अमोनिया मिसळले, की कीटोन असल्यास जांभळे कडे दिसते. आता बहुतेक प्रयोगशाळांत हेच रसायन कागदी पट्टीवर आलेले आहे. पट्टी लघवीत बुडवून ठरावीक सेकंदांनी तिचा रंग नमुन्याच्या रंगांशी ताडून पाहतात. फिकट गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंतच्या छटांवरून ‘ट्रेस’, एक प्लस, दोन प्लस असे शेरे लिहिले जातात. सामान्यतः ‘ट्रेस’ म्हणजे एका डेसिलिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम, एक प्लस म्हणजे १५, दोन प्लस म्हणजे ४० आणि त्यापुढे ८० वा अधिक मिलिग्रॅम असे हे माप असते. पट्टीच्या कंपनीनुसार त्यात थोडाफार फरक पडतो.

या पट्टीची एक मोठी मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. ती प्रामुख्याने अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ओळखते. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा प्रमुख कीटोन तिला दिसतच नाही. गंभीर आजारात नेमके याच कीटोनचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे पट्टीवरची फिकी छटा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे ठरू शकते. शंका असेल, तेव्हा रक्तातील बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजणे हाच खात्रीचा मार्ग होय.

कमी कर्बोदकांच्या आहाराचा आणि लघवीच्या पट्टीचा संबंधही जुना आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्थूलतेवरील आपल्या पुस्तिकेतून असा आहार लोकप्रिय केला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी ‘कीटोजेनिक’ आहार सुचवला. १९७२ मध्ये रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने तो वजन घटवण्याच्या क्षेत्रात आणला आणि पथ्य नीट पाळले जात आहे की नाही, हे घरच्या घरी पट्टीवर पाहण्याची प्रथा रूढ झाली.

अहवालातील इतर रकाने

साखर : निरोगी व्यक्तीच्या लघवीत साखर नसते. कर्बोदके कमी केल्यावर ती येण्याचे कारण तर मुळीच नसते. त्यामुळे कीटोन आहेत आणि साखर नाही, ही जोडी उपवास किंवा आहारातील बदल सुचवते. कीटोन आणि साखर दोन्ही असतील, तर मात्र त्याच दिवशी रक्तातील साखर तपासणे अगत्याचे आहे.

प्रथिने : ‘प्रोटीन जास्त खाल्ले म्हणून लघवीतून प्रोटीन गेले’ हा समज सर्रास आढळतो. पट्टी मुख्यत्वे अल्ब्युमिन हे प्रथिन ओळखते आणि निरोगी मूत्रपिंडे ते सहसा गाळून जाऊ देत नाहीत. अंडी, पनीर किंवा मांस अधिक खाल्ल्याने पट्टीवर एक-दोन प्लस प्रथिने दिसू लागत नाहीत. ताप, कष्टाचा व्यायाम किंवा अतिशय दाट लघवी यांमुळे तात्पुरती छटा दिसू शकते. पुन्हा तपासल्यावरही प्रथिने कायम राहिली, तर दोष आहाराच्या माथी न मारता मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

विशिष्ट गुरुत्व : ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. साठा संपतो तसे हे पाणीही बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणाऱ्या वजनात या पाण्याचा वाटा मोठा असतो. या काळात लघवीला वारंवार जावे लागते. पाणी पुरेसे प्यायले नाही, तर पुढे लघवी दाट होते आणि विशिष्ट गुरुत्व वाढलेले दिसते.

आम्लता : लघवीचा सामू साधारण ४.५ ते ८ या मर्यादेत बदलत असतो. मांस, अंडी आणि पनीर वाढले आणि फळे-भाज्या घटल्या, की तो आम्लाकडे झुकतो. ५ किंवा ५.५ हा आकडा एकटाच पाहून घाबरण्याचे कारण नाही. मूतखड्याचा इतिहास असलेल्यांसाठी मात्र तो महत्त्वाचा ठरतो.

नायट्राइट : जंतुसंसर्ग ओळखणारा हा रकाना भाज्यांशी निगडित आहे. भाज्यांतून मिळणाऱ्या नायट्रेटचे काही जंतू नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि पट्टी ते दाखवते. आहारात भाज्याच नसतील, तर संसर्ग असूनही हा रकाना ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. लघवीला जळजळ होत असेल, तर केवळ या शेऱ्यावर विसंबून राहू नये.

क जीवनसत्त्व : पथ्याबरोबर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांच्या लघवीत साखर, रक्त आणि नायट्राइट असूनही पट्टी ते दाखवत नाही, असे घडते. तपासणीपूर्वी अशा गोळ्यांची माहिती प्रयोगशाळेला द्यावी.

बिलिरुबिन आणि पांढऱ्या पेशी या रकान्यांवर अशा आहाराचा परिणाम होत नाही. तेथे दोष दिसला, तर त्याचे कारण दुसरीकडेच शोधावे लागते.

उपवास आणि कीटोन

खानदेशातील घरांना उपवास नवा नाही. पण सगळे उपवास सारखे नसतात. साबुदाणा जवळजवळ संपूर्ण कर्बोदकांचाच असतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रताळे आणि केळी खाणाऱ्याच्या लघवीत कीटोन येण्याची शक्यता फार थोडी. हरतालिकेचा निर्जळी उपवास करणाऱ्या महिलेच्या दुसऱ्या दिवशीच्या लघवीत मात्र कीटोन आणि वाढलेले विशिष्ट गुरुत्व असे दोन्ही दिसू शकते. पर्युषणात केवळ उकळलेल्या पाण्यावर आठ दिवसांची अठाई करणाऱ्या जैन बांधवांच्या लघवीत कीटोनची छटा चांगलीच गडद असते. रमजानच्या रोज्यात संध्याकाळच्या सुमारास ‘ट्रेस’ आढळू शकतो. हे सारे शरीराच्या स्वाभाविक प्रतिसादाचे प्रकार आहेत.

डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून पुढे आलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धतही अनेक घरांत पाळली जाते. या पद्धतीत जेवणाच्या वेळांवर भर असतो. जेवणात भाकरी-पोळी असेल, तर दोन जेवणांमधील अंतर मोठे असूनही कीटोन बहुधा आढळत नाहीत किंवा अल्प आढळतात. ‘दीक्षित डाएट’ आणि ‘कीटो डाएट’ या भिन्न गोष्टी आहेत. डॉक्टरांना सांगताना ‘डाएट चालू आहे’ एवढेच न सांगता ताटात नेमके काय असते, हे सांगावे.

धोका कोठे आहे?

देशात २०२१ मध्ये मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण होते, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मांडला गेला. खरी सावधगिरी बाळगायची आहे, ती यांच्यापैकी कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांनी.

आहारामुळे होणाऱ्या कीटोसिसमध्ये रक्तातील कीटोन साधारण लिटरला ०.५ ते ३ मिलिमोलपर्यंत राहतात. शरीरात इन्सुलिन असते आणि ते कीटोनच्या निर्मितीला लगाम घालते. रक्ताची आम्लता बिघडत नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ नसतेच. इन्सुलिनचा डोस चुकला, ताप आला किंवा उलट्या झाल्या, की कीटोन बेलगाम वाढतात आणि रक्त आम्लधर्मी होते. हा कीटोअ‍ॅसिडोसिस प्राणघातक ठरू शकतो. अशा रुग्णाच्या लघवीतील कीटोन ‘आहारामुळे आले असतील’ म्हणून सोडून देणे जिवावर बेतू शकते. असा रुग्ण जेवत नसला, तरी त्याचे इन्सुलिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या मूत्रपिंडांतून साखर बाहेर टाकतात. भारतात डापाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनची २०२५ मध्ये संपल्यानंतर स्वस्त पर्याय बाजारात आले आणि या गोळ्यांचा वापर वाढला. मधुमेहाखेरीज हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या विकारांतही त्या उपयुक्त आहेत. ही गोळी घेणाऱ्याच्या लघवीत तीन-चार प्लस साखर दिसणारच. रक्तातील साखर उत्तम असतानाही ती दिसते, कारण तो औषधाच्या कार्याचाच भाग आहे.

परंतु या गोळीसोबत भाकरी-भात पूर्ण बंद केला, तर रक्तातील साखर जवळपास सामान्य असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये याविषयी इशारा दिला होता. ग्लुकोमीटरवर १६० किंवा १८० आकडा दिसतो, घरचे निश्चिंत राहतात आणि रुग्णाची प्रकृती ढासळत जाते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, कमालीचा थकवा किंवा ग्लानी यांपैकी लक्षणे दिसली, तर ग्लुकोमीटरचा आकडा काहीही असो, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांची रुग्णालये दोन्ही जिल्ह्यांतील रुग्णांसाठी उपलब्ध आहेत. तेथे पोचताच ‘रुग्ण ही गोळी घेतो आणि भाकरी-भात सोडलेला आहे’ ही दोन वाक्ये डॉक्टरांना आधी सांगावीत. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवण्याची शिफारस आहे. तो निर्णय मात्र डॉक्टरांनीच घ्यावा.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अचानक कर्बोदके घटवली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून औषधांची मात्रा ठरवून घेतल्यावाचून आहार बदलू नये. गरोदर आणि स्तनदा मातांनी असा आहार टाळावा. स्तनपानाच्या काळात कर्बोदके अत्यल्प ठेवल्याने कीटोअ‍ॅसिडोसिस झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

उन्हाळा आणि मूतखडा

जळगाव, भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वायव्य आणि पश्चिम भारताचा मोठा भाग मूतखड्याच्या पट्ट्यात गणला जातो. घामावाटे पाणी जाते, लघवी दाट होते आणि क्षार साचतात. त्यात मांसाहारावर भर देणाऱ्या पथ्याची भर पडली, की लघवी अधिक आम्ल होते, खडा रोखणारे सायट्रेट घटते आणि युरिक आम्लाचे स्फटिक बनण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. पथ्याच्या पहिल्या काही आठवड्यांत कीटोन आणि युरिक आम्ल यांची मूत्रपिंडांत उत्सर्जनासाठी स्पर्धा होते आणि रक्तातील युरिक आम्लही वाढते. वातरक्ताचा म्हणजे गाउटचा त्रास असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अहवालातील सूक्ष्मदर्शक तपासणीत युरिक आम्लाचे वा ऑक्झलेटचे स्फटिक वारंवार दिसत असतील, पाठीत-कुशीत कळ येत असेल किंवा लघवीत रक्तपेशी आढळत असतील, तर सोनोग्राफी करून घेणे श्रेयस्कर. लघवी फिकट राहील एवढे पाणी, साखर न घातलेले लिंबूपाणी आणि भरपूर भाज्या हा साधा प्रतिबंधक उपाय आहे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. ज्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती वांगीही कमी कर्बोदकांच्या भाज्यांतच मोडतात. भरीत सोडण्याची गरज पथ्य करणाऱ्यावर येत नाही. त्यासोबतच्या कळण्याच्या पुऱ्यांचाच तेवढा हिशेब ठेवावा लागतो.

नमुना देताना

अचूक अहवालासाठी काही गोष्टी पाळाव्यात. सकाळची पहिली लघवी, तीही मधल्या धारेची, स्वच्छ व कोरड्या डबीत घ्यावी. नमुना शक्यतो तासाभरात तपासला जावा. तालुक्याच्या गावाहून दुचाकीच्या डिकीतून दोन-चार तासांनी शहरात पोचलेल्या नमुन्यात उन्हाळ्याच्या दिवसांत जंतू वाढतात. त्यामुळे कीटोन आणि साखर घटतात, सामू वाढतो आणि नसलेल्या संसर्गाचा आभास निर्माण होतो. विलंब अटळ असेल, तर डबी थंड जागी ठेवावी. घरी पट्ट्या वापरणाऱ्यांनी डबीचे झाकण घट्ट लावावे. ओल लागलेल्या आणि मुदत संपलेल्या पट्ट्या कीटोन असूनही रंग दाखवत नाहीत. कॅप्टोप्रिल, लेव्होडोपा, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन अशा काही औषधांनी उलट खोटाच जांभळा रंग येऊ शकतो.

विम्याच्या किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला जाताना कमी कर्बोदकांचा आहार चालू असल्यास तपासणाऱ्या डॉक्टरांना ते आधीच सांगावे आणि नोंदवून घेण्याची विनंती करावी. शेऱ्याचा खुलासा नंतर करत बसण्यापेक्षा ते सोपे जाते. डॉक्टरांनी संमती दिल्यास दोन दिवस नेहमीचे जेवण घेऊन पुन्हा नमुना द्यावा. कीटोन आहारामुळेच आले असतील, तर ते या दोन दिवसांत नाहीसे होतात. मधुमेह नसलेल्या व्यक्तीने पुरेशी भाकरी-पोळी खाऊनही ते कायम राहिले, तर रक्तातील साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी करून घ्यावी.

कागदावरच्या एका शेऱ्यावरून पथ्य सोडून देणे जितके अनाठायी, तितकेच प्रत्येक शेऱ्याचे खापर पथ्यावर फोडणेही अनाठायी होय. ताटात काय आहे, औषध कोणते चालू आहे आणि शरीराला काय जाणवते आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे अहवालासोबत डॉक्टरांपर्यंत पोचली, तर लघवीच्या या साध्या तपासणीतून नेमका अर्थ काढता येतो.